घामाच्या धारा, तरी अंग गार का होत नाही?

मे महिन्यातली दुपार. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क नाक्यावर रिक्षाची वाट पाहत पाच मिनिटे उभे राहिले, तरी शर्ट पाठीला चिकटतो. रुमाल पिळून काढावा इतका ओला होतो. मोबाइलवर तापमान पाहावे, तर ३४ अंश. तेवढ्यात नागपूरच्या भावाचा फोन येतो, ‘‘इथं बेचाळीस आहे. तुम्ही चौतिसाला काय रडता?’’

विदर्भातून इकडे राहायला आलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. ‘तिकडे ऊन भाजून काढते, पण सावलीत गेले की बरे वाटते. इथे सावलीतही जीव घाबरा होतो.’ तिकडे माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होते आणि तसाच माठ मीरा रोडच्या स्वयंपाकघरात ठेवला, तर पाणी जेमतेम थंड होते. कूलर तिकडे वरदान, इकडे अडगळ.

हे सगळे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण त्यांचे उत्तर एकच आहे. ते नीट समजून घेणे केवळ गंमत म्हणून नव्हे, तर जिवाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

गार करतो तो वाळणारा घाम

आपले शरीर ही कायम पेटलेली शेगडी आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूससुद्धा साधारण १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. जिने चढताना, ओझे उचलताना ती तीन-चार पटींनी वाढते. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकणार कसे?

हवा गार असते तेव्हा अडचण येत नाही. कातडीचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून बरीच थंड असेल, तर उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच ३४-३५ अंशांवर पोहोचली की हा रस्ता बंद होतो. मग एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम.

आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. घाम बाहेर आला म्हणजे काम झाले असे आपल्याला वाटते. पण घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळला तरच होते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता तो आपल्या कातडीतून घेतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हिशेब केला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाला तासाला साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप भरेल एवढा घाम वाळवला तरी पुरते.

मात्र जो घाम हनुवटीवरून टपकला, रुमालाने पुसला गेला किंवा बनियनमध्ये मुरून तसाच ओला राहिला, तो जवळपास फुकट गेला. शरीरातले पाणी गेले, मीठ गेले, गारवा मात्र मिळाला नाही. सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर आपल्या बाबतीत नेमके हेच होत असते.

तापलेल्या खोलीतली माणसे

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन नावाच्या डॉक्टराने आणि त्याच्या मित्रांनी एक धाडसी प्रयोग केला. एक खोली १०० अंश सेल्सिअसच्याही वर तापवली आणि ते स्वतः आत जाऊन काही मिनिटे थांबले. सोबत मांसाचा तुकडा नेला होता. तो पाऊण तासात शिजून कडक झाला. माणसे मात्र धडधाकट बाहेर आली.

हे कसे शक्य झाले? खोलीतली हवा कोरडी होती. अंगावर आलेला घाम लगेच वाळत होता आणि कातडीची उष्णता घेऊन जात होता. त्याच खोलीत त्यांनी पाण्याची भांडीही ठेवली होती. उघड्या भांड्यातले पाणी उकळेना. पण पाण्यावर तेलाचा थर दिला, वाफ व्हायची वाट बंद झाली आणि ते उकळू लागले.

दमट हवा आपल्या बाबतीत या तेलाच्या थरासारखी वागते. ती कातडीवर झाकण घालत नाही, पण घामाची वाफ होण्याचा वेग इतका मंदावते, की परिणाम त्याच दिशेने जातो.

एक पारा, दोन गावे

आता भावाच्या फोनकडे वळू. समजा, नागपुरात दुपारी ४२ अंश तापमान आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. मीरा रोडला ३४ अंश आणि ६५ टक्के. या आकड्यांवरून गणित मांडले, तर मीरा रोडच्या हवेत नागपूरच्या जवळपास तिप्पट बाष्प असते. परिणामी, ओल्या कातडीवरून पाणी ओढून घेण्याची हवेची ताकद नागपुरात मीरा रोडच्या दुप्पट होते.

यात नवल नाही. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन-गोराईचा समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मध्ये खारफुटी आणि मिठागरे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा पारा चढू देत नाही हे खरे, पण तो सोबत बाष्पही घेऊन येतो. म्हणून कोकणपट्टीवर पारा क्वचितच चाळिशी गाठतो आणि तरीही माणूस हैराण होतो.

‘मग भाईंदरच्या मिठागरांत पाणी वाळून मीठ कसे होते?’ असा प्रश्न कुणी विचारेल. तिथे पाणी उथळ वाफ्यांत पसरलेले असते, त्यावर थेट ऊन पडते, मोकळा वारा असतो आणि हाताशी कितीतरी दिवस असतात. आपल्या शरीराकडे तेवढी सवड नसते. तयार झालेली उष्णता त्याला तेव्हाच्या तेव्हा बाहेर टाकावी लागते.

माठ सांगतो ते खरे

ही सगळी भानगड एका आकड्यात पकडण्याची सोपी युक्ती शास्त्रज्ञांनी शोधली आहे. साध्या तापमापकाच्या टोकाला ओले मलमलीचे फडके गुंडाळायचे आणि त्याला वारा घालायचा. फडक्यातले पाणी वाळू लागते आणि पारा खाली येतो. तो जिथे थांबतो, त्याला ‘ओल्या फुग्याचे तापमान’ म्हणतात. म्हणजे त्या हवेत पाणी वाळवून जास्तीत जास्त किती गार होता येईल, त्याची ती हद्द असते.

वरच्या उदाहरणात नागपूरचा हा आकडा सुमारे २२ अंश येतो. मीरा रोडचा येतो २८ ते २९ अंश. म्हणजे ४२ अंशांच्या गावाला २० अंश खाली उतरता येते आणि ३४ अंशांच्या गावाला पाच-सहाच!

माठाचे कोडेही इथेच सुटते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि आतले पाणी गार होते. माठ म्हणजे घाम येणारे मडकेच. विदर्भातल्या माठाला २२ अंशांच्या जवळ जाता येते, मीरा रोडच्या माठाला २८ च्या खाली उतरताच येत नाही. दोष कुंभाराचा नाही, हवेचा आहे.

कूलर आणि वाळ्याचे पडदेही याच तत्त्वावर चालतात. कोरड्या हवेत ते खोली सुखद गार करतात. दमट हवेत, तेही दारे-खिडक्या लावून कूलर चालवला, तर खोलीत आणखी बाष्प भरते आणि घाम वाळणे अधिकच कठीण होते. कोकणपट्टीत कूलर लावायचाच असेल, तर खिडकी उघडी हवी.

एसीचे काम वेगळे. त्याच्या थंड नळ्यांवर हवेतले बाष्प गोठून पाणी होते आणि बाहेर टपकते. खालच्या मजल्यावरच्या लोकांशी ज्यावरून भांडण होते, ते पाणी म्हणजे आपल्या खोलीतल्या हवेतूनच काढलेले बाष्प असते. म्हणून दमट गावात एसी २६-२७ अंशांवर ठेवला तरी बरे वाटते. तापमान फार उतरले नसले, तरी हवा कोरडी झालेली असते.

गरम चहाने गार वाटते?

‘गरमीत गरम चहा प्या, घाम येईल, गार वाटेल,’ असे टपरीवर हमखास ऐकायला मिळते. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ऑली जे आणि सहकाऱ्यांनी हा समज तपासला. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. गरम पेयामुळे शरीरात जेवढी उष्णता जाते, त्यापेक्षा जास्त उष्णता वाढलेल्या घामातून बाहेर पडू शकते असे दिसले. पण त्यात एक अट होती. तो घाम पूर्ण वाळला पाहिजे. म्हणजे चहाचा हा उपाय अकोल्यात जमेल, सिल्व्हर पार्कला नाही. इथे चहा प्यावा तो तल्लफ म्हणून!

पंख्याचे काय? पंखा हवा थंड करत नाही. तो अंगाभोवती साचलेली दमट हवा ढकलून त्या जागी नवी हवा आणतो आणि घाम लवकर वाळतो. दमट ३४-३५ अंशांत पंखा म्हणूनच खरा मित्र आहे. पण हवा ४० अंशांच्या वर गेली, की पंखा गरम भट्टीचा वारा अंगावर मारू लागतो. अशा वेळी केवळ पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

रात्रीही सुटका का नाही?

पुण्या-नाशिकला मे महिन्यात दुपारी पारा मीरा रोडच्या पुढे असतो, पण रात्री गारवा सुटतो. आपल्याकडे रात्री दोन वाजताही उशी ओली होते. याची कारणे दोन.

पहिले कारण बाष्प. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडते. हवेतले बाष्प त्यातली बरीच अडवते आणि गोधडीसारखी ऊब धरून ठेवते.

दुसरे कारण आपणच तयार केले आहे. सिमेंटच्या इमारती, डांबरी रस्ते, पत्र्याची छपरे दिवसा उष्णता पितात आणि रात्री हळूहळू सोडतात. दाटीवाटीने उभ्या इमारतींमुळे वारा अडतो. एसीची बाहेरची पेटी घरातली उष्णता गल्लीत ओतते. त्याच शहराच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. त्याच्या कडेने संध्याकाळी चक्कर मारली की झाडे काय करतात ते अंगाला कळते.

रात्रीचा उकाडा फक्त झोपेचा प्रश्न नाही. दिवसभराचा ताण उतरवायला हृदयाला रात्रीची विश्रांती लागते. ती मिळाली नाही, तर दुसरा दिवस थकलेल्या शरीरानेच सुरू होतो.

चाळिशीच्या आतही घात होतो

ओल्या फुग्याचा आकडा ३५ अंशांवर गेला, तर काय होईल? स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्युबर या शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडले, की अशा हवेत सावलीत, पंख्याखाली बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही. कारण कातडीवरून उष्णता बाहेर पडण्याची वाटच उरत नाही. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. २०२२ साली त्यांचे निष्कर्ष आले. दमट हवेत हलकी कामे करतानाही ३०-३१ अंशांच्या आसपासच त्यांच्या शरीराचे तापमान चढत जाऊ लागले.

आपला मघाचा आकडा आठवतो? २८ ते २९. म्हणजे मीरा रोडची साधी वाटणारी दुपार धडधाकट तरुणाच्या मर्यादेपासून दोन-अडीच अंशच दूर असते. त्यात उन्हात उभे राहणे, ओझे उचलणे, वय, आजारपण याची भर पडली, तर हे अंतर सहज संपते.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय कित्येक तास उघड्या मैदानावर बसला होता. परिसरात तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भाच्या मानाने हा आकडा साधा. तरी त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचा बळी घेतला. पारा चाळिशीच्या आत होता, पण ऊन थेट डोक्यावर होते आणि खाडीकाठची हवा घाम वाळू देणारी नव्हती.

हवामान विभागही हा फरक मानतो. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट ठरवताना किमान ४० अंशांचा निकष आहे, किनारपट्टीसाठी तो ३७ अंशांचा आहे. शिवाय ‘उष्ण व दमट हवामाना’चा इशारा स्वतंत्रपणे दिला जातो. तो आपल्या जिल्ह्यासाठी आला, तर पारा ३५ वर असला तरी गंभीरपणे घ्यावा.

याचा अर्थ कोरडी उष्णता निरुपद्रवी आहे, असा नाही. तिकडे घाम इतका पटकन वाळतो, की किती पाणी गेले ते कळतच नाही. विदर्भ-मराठवाड्यातही उष्माघात माणसे घेतो. फरक एवढाच, की तिथला शत्रू दिसतो. इथला मात्र पाऱ्यामागे लपलेला असतो.

कोणाला जास्त धोका?

वय वाढते तसा घाम कमी येतो आणि तहानही कमी लागते. म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांना तासातासाला पाणी विचारावे. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार आणि मधुमेह असलेले रुग्ण यांनाही जपावे लागते. लघवी जास्त होण्याची औषधे, काही मानसिक आजारांवरची आणि ॲलर्जीवरची औषधे उष्णता सहन करण्याची ताकद कमी करतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणि पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसणारा वॉचमन, सामान घेऊन पाच मजले चढणारा डिलिव्हरीचा मुलगा, फूटपाथवरची भाजीवाली मावशी, बांधकामावरचे मजूर, यांना कोण जपणार? गावाकडून नुकत्याच आलेल्या कामगाराच्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून पूर्ण काम करून घेणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

काय करावे?

घाम वाळेल अशी सोय करणे, हे सगळ्यात महत्त्वाचे. सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घालावेत. घरात आमनेसामनेच्या खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळता ठेवावा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नयेत. त्यांचे बाष्पही शेवटी आपल्याच वाट्याला येते. अंगावर घामोळे आले, तर घर्मग्रंथींची तोंडे बंद झाली आहेत असे समजावे. त्यावर पावडरीचे थर देण्यापेक्षा गार पाण्याने अंघोळ करून अंग कोरडे ठेवावे.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. खूप घाम गेला असेल, तर मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्यावे. घरी करायचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाळावे. चमचा चहाचा हवा.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही शरीराची पहिली हाक आहे. लगेच सावलीत जावे, कपडे सैल करावेत, पाणी प्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, गोंधळला, झटके आले, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी शरीराचे तापमान सहसा ४० अंशांच्या वर गेलेले असते. अंग कोरडे पडेल तेव्हाच उष्माघात मानायचा, ही समजूत चुकीची आहे. श्रम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने चिंब असू शकतो.

अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात धरून बसू नये. माणसाला सावलीत नेऊन अंगावर सतत पाणी ओतावे, पंखा लावावा, काखेत, मानेवर, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. दमट हवेत पाणी वाळणार नाही, मग त्याचा काय उपयोग, असे वाटेल. पण तिशीतले नळाचे पाणीही चाळिशीतल्या शरीरापेक्षा दहा अंशांनी थंड असते. ते नुसत्या स्पर्शाने उष्णता ओढते. म्हणून ते थांबवू नये. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नाही.

सुट्टीत घरी मुले असतील, तर एक प्रयोग करून पाहा. खोलीचे तापमान मोजणारे दोन साधे तापमापक घ्या. एकाला ओले फडके गुंडाळा, दोन्ही पंख्याखाली ठेवा आणि दहा मिनिटांनी वाचा. दोन आकड्यांत फरक जितका जास्त, तितके तुमचे शरीर सुखात. फरक चार-पाच अंशांवर आला, तर समजा, बाहेर घाम गाळायचा दिवस नाही. आणि खाली केबिनमध्ये बसलेल्या वॉचमनकाकांना पाण्याची बाटली द्यायला मुलांनाच पाठवा. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत त्यांच्या केबिनला पंखा आणि छपरावर सावली हवी, एवढा विषयही जरूर मांडा.